दोन घरांची रजा

मार्च लागला की माझ्या तळहातांना घाम फुटतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता मला कोण परीक्षेला बसवणार आहे? पण नाही. गच्चीवर दहावीची पोरं पुस्तक छातीशी धरून फेऱ्या मारायला लागली, कंपाउंडच्या शेवग्याला शेंगा लोंबायला लागल्या, दुपारचं गरम वारं पडदा आत ढकलायला लागलं, की मी मुलुंडच्या त्या जुन्या दोन खोल्यांत परत जाऊन उभी राहते. ती इमारत पाडून त्याच जागी बारा मजले उभे राहिले आणि मी त्यातल्या सातव्यावर राहते, तरीसुद्धा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची, एका सरकारी कचेरीत कारकून. माहेर साताऱ्याचं. लेक केतकी चौदा महिन्यांची. नवरा बँकेत, म्हणजे मार्चमध्ये असून नसल्यासारखा. समोरच्या दारात सुलभा राहायची. ती नाशिकची, विक्रोळीला एका कारखान्यात तपासणी विभागात होती, नवरा आखातात. तिचा अमोल केतकीपेक्षा पंधरा दिवसांनी मोठा. आम्हा दोघींची पोरं सांभाळायला मिळून एकच बाई होती, आणि त्या बाईच्या जिवावर आम्ही दोघी नोकऱ्या करत होतो. हे आज म्हणायला सोपं आहे. तेव्हा आम्हाला वाटायचं, आपण आपल्या हिमतीवर करतोय.

तिचं नाव इंदूमावशी. लांज्याकडच्या एका वाडीतली. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि दोन वर्षांत तोही गेला. मावशी भांडुपच्या टेकडीवर भावाच्या खोलीत राहायची. सकाळी साडेसहाला यायची, कारण सुलभाची पहिली पाळी. अंगाने काटकुळी, पण दोन पोरं दोन कडेवर घेऊन तीन मजले चढायची आणि वर येऊन धापही टाकायची नाही. मला आजही तिचा विचार आला की आधी वेखंडाचा वास येतो. मग खोबरेल तेलाचा. मग नाचणीच्या सत्त्वाचा, जे ती जराही गुठळी होऊ न देता ढवळायची.

आमची पद्धत अशी होती : एक आठवडा माझ्या घरी, एक आठवडा सुलभाच्या घरी. ज्या घरी पोरं, त्या घरचा स्टोव्ह, त्या घरचा भात, त्या घरच्या बाथरूममध्ये लंगोटांचा ढीग. आम्ही दोघींनी कागदावर नियम लिहून काढले होते. सोमवारी आंघोळ आधी केतकीची, मंगळवारी आधी अमोलची. मावशीने तो कागद नीट घडी घालून देवामागे ठेवला आणि जे पोर आधी रडेल त्याला आधी घेतलं. पाय लांब करून बसायची, एक पोर पायांवर पालथं, दुसरं शेजारी पाटावर वाट बघत. "थांब रे म्हाराजा, तुजा पण नंबर हाय," असं अमोलला म्हणायची आणि तो पठ्ठ्या थांबायचा. माझ्यासमोर एक मिनिट थांबला असेल तर शपथ.

मी मत्सरी होते. सांगून टाकते. संध्याकाळी घरी आल्यावर आधी केतकीचे गाल बघायची आणि मग अमोलचे. कोणाला पावडर जास्त लागलीय? कोणाचं नाक पुसलंय? सुलभाही तेच करायची, फक्त ती हसत हसत करायची. एकदा मी विचारलंच, "मावशी, खरं सांगा, तुमचा जीव कोणावर जास्त?" ती लंगोट वाळत घालत होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "माज्या शेवंतीवर."

शेवंती तिची मुलगी. नऊ वर्षांची. गावाला जावेकडे राहायची. हे मला आठ महिन्यांनी कळलं. आठ महिने ती बाई माझ्या घरात वावरत होती आणि तिला मूलबाळ आहे का, हे मी विचारलं नव्हतं. लाज वाटली, पण ती दोन दिवस टिकली, कारण माझ्या डोक्यात फक्त परीक्षा होती.

खात्याची परीक्षा. दोनदा नापास झाले होते. पहिल्यांदा केतकीच्या वेळचे दिवस होते, दुसऱ्यांदा बाळंतपणातून उठून महिना झाला होता. ही तिसरी आणि शेवटची संधी. नापास झाले तर नोकरी संपली. नवऱ्याला सांगितलं, तर तो वर्तमानपत्राआडून म्हणाला, "एवढी दगदग होत असेल तर सोड ना. काय अडलंय?" चांगल्या मनानेच म्हणाला. त्या चांगल्या मनाचा मला इतका संताप आला की मी त्याच दिवशी स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या भिंतीवर सगळे नियम चिकटवले. पोळ्या लाटताना मी पुटपुटायची : अर्जित रजा, अर्धपगारी रजा, असाधारण रजा. किरकोळ रजा दुसऱ्या कुठल्याही रजेला जोडता येत नाही. रजेचं सगळं प्रकरण मला तोंडपाठ होतं. उभ्या महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्याला किती रजा देय आहे, हे मी झोपेत सांगितलं असतं.

फेब्रुवारी सरताना एका सोमवारी मावशी म्हणाली, "वैनी, शिमग्याला गावाला जायचाय. किती दिस देताव?"

आता आम्ही दोघी पडलो घाटावरच्या. आमच्याकडे शिमगा म्हणजे होळी पेटवायची, पुरणपोळी खायची, दुसऱ्या दिवशी अंगण झाडायचं. संपला. कोकणात देवाची पालखी देवळातून निघते आणि दिवसचे दिवस घरोघर फिरते, प्रत्येक घराचा दिवस ठरलेला असतो, मुंबईत असेल नसेल तो माणूस त्या दिवशी आपल्या दारात हजर असावा लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी हिशोब केला. परीक्षा होळीनंतरच्या पुढच्या आठवड्यात, गुरुवार-शुक्रवार. होळीच्या आठवड्यापासून परीक्षेपर्यंत मी अभ्यासाची रजा घेणारच होते. म्हटलं, "आठ दिवस जा की मावशी." दिलदारपणाचं मला माझंच कौतुक वाटलं.

मावशीने दुसऱ्या दिवशी सुलभाला विचारलं. सुलभा म्हणाली, "आठ दिवस जा हो मावशी." तिलाही बहुधा स्वतःचं कौतुक वाटलं असावं. रात्रीच्या जेवणाआधी जिन्यात भेटलो तेव्हा आम्ही एकमेकींना सांगितलंही. "मी दिले गं आठ दिवस." "मी पण दिले." आणि खूश होऊन आपापल्या दारांत शिरलो.

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. दोन्ही पोरं माझ्याकडे. एक झोपलं की दुसरं उठायचं. मी जमिनीवर पुस्तक उघडून बसले की केतकी त्यावर बसायची, आणि अमोलला कागद खायचा नाद होता. वेतननिश्चितीच्या प्रकरणाची दोन पानं त्याने पोटात घातली. संध्याकाळी सुलभा पाळी संपवून धावत यायची, दोन्ही पोरं उचलून न्यायची आणि ओरडायची, "अलके, आता नऊपर्यंत दार उघडू नकोस. मेलं कोणी तरी उघडू नकोस!" मी पाय गार पाण्याच्या बादलीत घालून वाचायची. उकाडा असा की मान ओली व्हायची. पण ठरवलं होतं. या वेळी नाही म्हणजे नाहीच हरायचं.

नववा दिवस उजाडला, तो सोमवार. साडेसहा वाजले. सात वाजले. सुलभा दारात गणवेश घालून उभी, अमोल तिच्या कडेवर. मावशी आली नाही. तेवढ्यात मावशीची वहिनी येऊन जिन्यातूनच म्हणाली, "इंदू पुढच्या मंगळवारी येनार. तुमी दोगींनी आठ-आठ दिले ना? सोळा दिस. दोन घरांची रजा हाय तिला."

सुलभा तिथेच पायरीवर बसली आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही. पण आज सांगते, त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. दोन घरची कामं करते, दोन घरांची बोलणी खाते, मग रजा एकाच घराची का? रजेचे सगळे नियम पाठ असलेल्या मला हे गणित सुचलंच नव्हतं.

सुलभाची रजा अमोलच्या जुलाबात संपली होती. "आता दांडी मारली तर मेमो नाही गं, सरळ घरीच बसवतील," ती म्हणाली. माझा नवरा म्हणाला, "बघतो." मार्चमधलं बँकवाल्याचं बघतो. मी दोन्ही पोरं काखोटीला मारली आणि तडक पोस्टात गेले. तार करायला. मावशीच्या वाडीतल्या शाळामास्तरांच्या पत्त्यावर इंग्रजीत दोन शब्द आणि खाली माझं आडनाव. कम इमिजिएटली. ताबडतोब या.

खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, कारण घाला. गावाकडे नुसती तार गेली की लोक रडायला लागतात."

"एवढीच पाठवा," मी म्हटलं.

म्हणजे मला माहीत होतं. गावात तार येते ती कोणी गेल्याचीच, हे साताऱ्याच्या मुलीला माहीत नसणार? मी विचार करून केलं. कारण घातलं असतं, तर ती आली नसती. परीक्षा हे काही माणसाने एस.टी.त बसून धावत येण्याचं कारण नव्हे. सुलभाला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "अगं, त्या घाबरतील." मी म्हटलं, "घाबरू देत." हे शब्द माझेच.

परवा पाचव्या मजल्यावरच्या दोन मुली भांडत माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचीही एकच मावशी, दोन घरांत. हल्ली ते फोनवर तक्ता करून ठरवतात, कोणत्या तासाला कोणाचं बाळ, झोप किती, दूध किती. भांडण सुट्टीवरूनच होतं. एकीने दिलेली, दुसरीने नाही. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "ती सुट्टीत जाते कुठे?" एक म्हणाली, "आँटी, ते नाही माहीत." मी रागावणार होते, पण मला कोणत्या तोंडाने रागावता येणार?

बुधवारी सकाळी मावशी आली. दार उघडलं तर समोर ती, केस विस्कटलेले, लुगड्याला लाल माती, हातात पिशवी नाही. चपलांसकट आत शिरली. इतक्या दिवसांत ती कधी चपला घालून आत आली नव्हती. दोन्ही पोरं चटईवर डबे वाजवत बसली होती. तिने आधी केतकीला उचललं, मग अमोलला, कपाळ बघितलं, पोट दाबून बघितलं, हातपाय हलवून बघितले. दोघंही खिदळायला लागली.

"कोनाला काय झाला?" तिने मला विचारलं.

"कोणाला काही नाही," मी म्हटलं. "मावशी, उद्या माझी परीक्षा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी हातात झारा धरून उभी होते आणि मला वाटत होतं, हिने मारलं तरी चालेल. तिने दोन्ही पोरं खाली ठेवली, चपला बाहेर काढून आली, मोरीत पाय धुतले आणि पदर खोचत म्हणाली, "भात टाकलाव का? पोरं भुकेजली असतील."

दुपारी मी तिला म्हटलं, "तुम्हाला राग आला असेल." ती लंगोट पिळत होती. म्हणाली, "आज आमच्या दारात पालखी येनार होती. अंगन सारवून ठेवला होता." आणि पुढे, "आता आलेय ती आलेय. तुमी बसा अभ्यासाला. नापास झालाव तर मग बगते तुमच्याकडं."

मी बसले. डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी ते पुसत वाचत होते. त्या दुपारी मी जेवढं वाचलं, तेवढं आयुष्यात कधी वाचलं नाही. आता पास होणं ही माझी एकटीची गोष्ट राहिली नव्हती. हिचं दार रिकामं ठेवून मी नापास होणार असेन, तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. गुरुवारी आणि शुक्रवारी मी पेपर लिहिले. हात एकदाही थांबला नाही. घामाने पेन निसटत होतं, ते रुमालात धरून लिहिलं.

पास झाले. जूनमध्ये निकाल लागला. सुलभाने जिन्यातच मिठी मारली. नवरा पेढे घेऊन आला आणि चारचौघांत सांगू लागला, "आमच्या हिची जिद्दच तशी." मी पेढ्यांचा पहिला पुडा मावशीला दिला आणि मला राहवेना. म्हटलं, "मावशी, ती तार मी मुद्दाम तशी केली होती. कारण न घालता. तुम्ही घाबरून यावं म्हणून."

तिने पेढ्याचे दोन भाग करून दोन पोरांच्या तोंडात घातले.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मास्तर तवाच बोलले, बाळाचा काय असता तर बाळाचा नाव घातला असता."

"मग आलात कशाला?"

"आठ आने वाटला खोटा हाय. आठ आने वाटला खरा असला तर?" तिने बोटं पदराला पुसली. "आठ आन्यावर पोर टाकायचा काय, वैनी?"

मग ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "शेवंती एस.टी.पर्यंत आली होती पोचवायला. नवा परकर घातला होता पालखीसाठी. बोलली, आये, मला ताप आला तर मी पन तार करू? मंग तू येशील?"

त्या दिवशी मला माझ्या यशाची पहिल्यांदा किळस आली. पण नुसतं वाईट वाटून घेऊन कोणाचं काय भलं होतं? मी रडले, तोंड धुतलं आणि ठरवलं.

पुढच्या वर्षी जानेवारीतच मी रजेचा अर्ज टाकला. अर्जित रजा, सोळा दिवस, मार्च महिना. कारणाच्या रकान्यात लिहिलं : घरचा शिमगा. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"तुम्ही साताऱ्याच्या ना हो? तुमच्याकडे कसला आलाय शिमगा?"

"आमच्या घरचं माणूस जातं, सर. म्हणजे आमच्याच घरचा."

"मार्च एंडला सोळा दिवस? शक्य नाही."

"रजा देय आहे, सर. अर्ज दोन महिने आधी दिलाय. नाकारायची असेल तर कारण लेखी द्या." आधीच्या वर्षी मला हे बोलायची छाती झाली नसती. पण आता मी परीक्षा पास झालेली बाई होते आणि रजेचं प्रकरण मला साहेबांपेक्षा जास्त येत होतं. त्यांनी सही केली. कचेरीत महिनाभर मला शिमगेकर म्हणत होते. म्हणोत बापडे.

घरी नवऱ्याला सांगितलं, "सोळा दिवस दोन्ही पोरं माझ्याकडे. रविवारी तुझ्याकडे. बँक गेली खड्ड्यात." तो काहीतरी बोलणार होता, पण माझं तोंड बघून नुसता हो म्हणाला. सुलभा म्हणाली, "निम्मे दिवस मी घेते गं, या वर्षी मी रजा साठवलीय." तशी आम्ही ती रजा पुढची चार वर्षं घेतली, पोरं शाळेत जाईपर्यंत.

मावशी निघायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "पालखी नाचवून, पोरीजवळ पोटभर राहून या. आणि शेवंतीला सांगा, यंदा तार येणार नाही."

"तुमीच लिवून द्या," मावशी म्हणाली. "ती वाचते आता. माज्या तोंडाचा तिला खरा वाटत नाय."

मी कागद घेऊन बसले. दहा वर्षांच्या मुलीला दोन ओळी लिहायच्या होत्या आणि मला अर्धा तास लागला. शेवटी लिहिलं : शेवंती, तुझी आई सोळा दिवस तुझी आहे. इथली मुलं मी बघते आहे, तिला कोणीही बोलावणार नाही. खाली माझं नाव लिहिलं, आणि नाव बघून तिला काय कळणार म्हणून त्याखाली लिहिलं, मागच्या वर्षी तार मीच केली होती.